रणगाड्यावर फोडलेला नारळ

गैबी शिकलगारला कुवेतला जायचं नव्हतं. ते टाळायला एकच वाट उरली होती: रविवारी दुपारी क्लबात पुण्याच्या बँडबरोबर गिटार वाजवायची आणि त्या बँडच्या म्होरक्यानं त्याला आपल्याबरोबर घेऊन जायचं. ती वाट मी बंद केली. मी, आकाराम चौगुले, त्याचा जिवलग म्हणून गावभर मिरवणारा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला माझी कणव यायला नको.

साल शहात्तर. उद्यमनगरात मी लेथवर होतो आणि शेजारच्या गाळ्यात गैबी जळलेल्या मोटारी वाइंड करायचा. जळकी तार वेढे मोजत मोजत उलगडायची, आणि तेवढेच वेढे नव्या तांब्याच्या तारेचे भरायचे, असलं ते किचकट काम. एक वेढा चुकला तर मोटार पुन्हा जळते. राधानगरीकडचे शेतकरी नदीवरच्या मोटारी ट्रकात घालून त्याच्याकडंच आणायचे. दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालत नसे.

आम्हा चौघांना गाण्याचं वेड लावलं गुंडूनं. तो वारणानगरला दूध संघात होता. तिथल्या कॉलनीतला कुणी इंजिनियर बदलून गेला आणि जाताना पाच विलायती रेकॉर्डी गुंडूच्या गळ्यात मारून गेला. दर रविवारी गैबीच्या गाळ्यात शटर अर्धं ओढून आम्ही त्या ऐकायचो. चौथा निसार, शिंपी. तो रेकॉर्डीच्या पाकिटावरची चित्रं बघून आमच्या विजारींचे घेर वाढवत न्यायचा. त्या गाण्यांतला एक शब्द आम्हाला कळेल तर शपथ. पण ती गिटार कळायची. ती किंचाळायची, विव्हळायची, आणि ढोल मागून छातीत बुक्क्या मारायचा. गुंडूनं एकदा विचारलं, ही माणसं एवढी बोंबलतात कशापायी? गैबी म्हणाला, "रडत्यात रं. फकस्त मान खाली घालून न्हाय रडत." त्याला ते बरोबर कळलं होतं. त्याचा बाप लहानपणीच गेला, आणि तेव्हापासून हा पोरगा मान खाली घालून तार मोजत बसला होता.

गिटार त्यानं जुनी घेतली आणि आवाज मोठा करायचं यंत्र स्वतः बांधलं. पडक्या थिएटरातला कर्णा, भंगारातले व्हॉल्व्ह, आणि ट्रान्सफॉर्मर खुद्द हातानं वाइंड केलेला. पेटी फणसाच्या लाकडाची, कोपऱ्यांना लोखंडी अँगल. व्हॉल्व्ह तापतात म्हणून वरच्या झाकणाला भोकं हवी होती, ती मी माझ्या ड्रिलवर पाडून दिली. चालू केल्यावर पहिल्याच सुराला शेजारच्या गाळ्यातले खिळे फळीवरनं खाली आले, म्हणून निसारनं त्याचं नाव ठेवलं रणगाडा.

आणि मग दस्तगीरभाई आला. गैबीचा मेव्हणा. कुवेतला एका कंपनीत वाइंडरची जागा आहे, कागद तयार आहेत, पुढच्या गुरुवारच्या गाडीनं मुंबई, तिथनं पुढं पाच वर्षं, एवढं सांगून तो मुंबईला परत गेला. गैबी दोन दिवस जेवला नाही. त्याची आई सुगराचाची काही दगड नव्हती. ती म्हणाली, पोटापुरतं हितं कुणी देत असंल, गाणं वाजवून का देईना, तर मी जावयाला न्हाय म्हणून कळवते. पण पोकळ बोलणं नको, कुणीतरी घेऊन गेलं पाहिजे.

देवानं ऐकलं म्हणायचं. त्याच हप्त्यात बोर्ड लागले: क्लबात पुण्याचा बँड, रविवारी चार ते सात. रात्री सभासदांचे पत्ते असतात, म्हणून कार्यक्रम दुपारी. बँडचा म्होरक्या आल्विन नावाचा, पुण्यात कॅम्पात राहणारा, पन्नाशीकडं झुकलेला, केस खांद्यापर्यंत. त्यांचा मुख्य गिटारवाला कावीळ होऊन पडला होता आणि ते तिघंच आले होते. शनिवारी मी गैबीला ओढत लॉजवर नेलं. आल्विननं दहा मिनिटं ऐकलं, सिगारेट विझवली आणि आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं, उद्या मध्यंतरानंतर तू आमच्याबरोबर उभा राहा. लोकांसमोर टिकलास तर सोमवारी सकाळी सहाला आमची गाडी निघते, तिच्यात बस. पुण्यात हॉटेलात रोजचं काम आहे.

त्या दिवसापासून मी मॅनेजर झालो. कुणी केलं नाही, माझा मीच झालो. उद्यमनगर, शाहूपुरी, सगळीकडनं पोरं गोळा केली. चाळीस जण. अर्ध्यांना गिटार आणि तुणतुणं यातला फरक ठाऊक नव्हता, पण गैबी आपला म्हटल्यावर आली. क्लबाच्या पुढच्या खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, कारखान्यांचे संचालक आणि त्यांच्या बायका. मागं आमची पोरं ऑईलचा वास मारत उभी, आणि त्यांच्यात आम्ही चौघं, निसारनं एकाच ठाणातनं शिवलेल्या विजारी घालून. पहिलं गाणं सुरू झालं आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. पुढच्या एका बाईंनी कानावर पदर घेतला. आमच्या पोरांनी कुस्तीच्या मैदानात मारावी तशी आरोळी ठोकली. टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या, गुंडू खुर्चीवर उभा राहून टॉवेल फिरवायला लागला. आल्विनला असला गाव कधी भेटला नसावा. तो हसत होता, आणि आणखी जोरात वाजवत होता.

मध्यंतर झालं. रणगाडा आम्ही चौघांनी उचलून स्टेजवर ठेवला. भिंतीतला पॉइंट दोन भोकांचा होता, अर्थिंगचा पत्ता नव्हता. आल्विननं त्यावर बोट ठेवलं. गैबी म्हणाला, आत इन्सुलेशन पक्कं आहे, मी स्वतः भरलंय, काळजी नको. बटण दाबून तो यंत्र तापत ठेवून मागच्या खोलीत तारा जुळवायला गेला; बँडवालेही तिथंच चहाला गेले.

आता आमच्याकडची रीत सांगतो. उद्यमनगरात नवं मशीन नारळ फोडल्याशिवाय फिरत नाही. हळदकुंकू लावायचं, आणि नारळ दुसरीकडं कुठं नाही, मशीनच्याच अंगावर फोडायचा; पाणी मशीनवर पडलं पाहिजे, तरच ते लाभतं. लेथच्या बेडवर मी असे वीस नारळ फोडलेत. खुद्द गैबी शेतकऱ्यांना सांगायचा, मोटार बसवताना नारळ विसरू नका. बिडाच्या लेथला पाण्यानं काय होतंय? पुसलं की झालं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एवढंच होतं की रणगाडा पहिल्यांदा चारचौघांत वाजणार आणि त्याला अजून नारळ फोडलेला नाही. नारळ मी पिशवीतनं आणलेलाच होता. पोरांकडं बघून हात वर केला, पोरांनी घोषणा दिली, आणि मी तो पेटीच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटला.

नारळ पाणीदार निघाला. पाणी झाकणावरनं वाहिलं आणि मीच पाडलेल्या भोकांतनं आत गेलं. आतनं चर्र असा आवाज आला. मी तो ऐकला. नारळाची भकलं पिशवीत टाकली, शर्ट काढून झाकण पुसलं, भोकांत कापड खुपसून खुपसून पुसलं. लाल दिवा चालूच होता. म्हटलं, काय होत नाही, तापलेलं आहे, वाळून जाईल. गैबी बाहेर आला तेव्हा मी बनियनवर उभा होतो आणि ओला शर्ट पाठीमागं धरला होता. त्यानं विचारलं, उघडा का रं? मी म्हणालो, उकडतंय.

पहिलं गाणं त्यानं असं वाजवलं की मला आजही कुणाला ते सांगता येत नाही. मान वर होती. गाळ्यात मोटारीवर वाकलेला गैबी मी पंधरा वर्षं बघत होतो, हा कुणी निराळाच माणूस होता. पोरं आरडाओरडा विसरली. आल्विन स्वतःची गिटार खाली घेऊन नुसता त्याच्याकडं बघत राहिला. दुसऱ्या गाण्यात गैबीला मागं साथीला गायचं होतं. तो माइकपाशी गेला, ओठ टेकले, आणि त्याचं डोकं कुणी थोबाडीत मारावी तसं मागं गेलं.

लोकांना वाटलं, रंगात आलाय. शिट्ट्या पडल्या. मला कळलं. करंट पेटीत उतरला होता, तिथनं गिटारच्या तारांत, आणि माइकला ओठ लागले की तो गैबीतनं वाट काढत होता. त्यालाही कळलं, करंट ज्याचा धंदा त्याला नाही कळणार? त्यानं रणगाड्याकडं एकदा बघितलं. त्याच्या खालच्या ओठावर रक्त आलं होतं. तो माइकपासून दोन पावलं सरकला आणि वाजवत राहिला. थांबला असता तर पुण्याची गाडी गेली असती, म्हणून थांबला नाही. गाण्याची तीन-चार मिनिटं उरली होती, तेवढी त्याला काढायची होती. मी पहिल्या रांगेच्या बाजूला उभा होतो, प्लगपासून चार हातांवर. प्लग ओढला तर त्याची पुण्याची वाट माझ्या हातानं तोडल्यासारखं, नाही ओढला तर तो जीवावर उदार होऊन वाजवतोय. मी काहीच करू शकलो नाही. हात उचलेचना.

आणि आल्विन खूश होऊन, हातात माइक घेऊन, गैबीच्या खांद्यावर हात टाकायला पुढं आला. गैबी ओरडत मागं सरला, पण त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? आल्विनचा हात त्याच्या घामेजल्या मानेवर पडला आणि दोघंही एकमेकांना चिकटले. तेव्हा कुठं मी उडी मारली आणि वायर उपटली.

दोघंही वाचले. आल्विन गुडघ्यांवर पडला, त्याच्या तळहातावर भाजल्याची पांढरी रेघ उमटली. पुढच्या खुर्च्यांतले डॉक्टर धावले. क्लबाच्या सेक्रेटरीनं कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं आणि पोरांना बाहेर काढलं. स्टेजवर आम्ही चौघं, डॉक्टर आणि बँडचे तिघं राहिलो.

आल्विननं पाणी पिऊन झाल्यावर गैबीला समोर बसवलं. तो चिडलेला नव्हता, हेच वाईट. त्यानं विचारलं, हा ट्रान्सफॉर्मर कुणी भरला? गैबी म्हणाला, मी. आल्विन म्हणाला, त्याचा एक ड्रमवाला असाच डोळ्यांदेखत गेलाय, अशाच कुणी तरी घरी बांधलेल्या यंत्रानं. मग त्यानं जे विचारलं ते मला शब्द न् शब्द पाठ आहे.

"मला खरा सांग. काही पडला, सांडला, कुणी हात लावला? तसा असेल तर डबा गेला खड्ड्यात, मी तुला दुसरा देतो, उद्या गाडीत बस. पण तुझ्या हाताची चूक असेल तर मी नाय नेणार. तू माझी माणसं मारशील."

गैबीनं ओठावरचं रक्त पुसलं. माझ्या हातात ओला शर्ट होता. मी त्याच्यापासून तीन फुटांवर होतो. निसार आणि गुंडू नारळाच्या वेळी पोरांना आवरायला दाराशी होते, त्यांनी पाणी आत गेलेलं बघितलंच नव्हतं. पोरांनी लांबनं नारळ फुटलेला तेवढा बघितला; पाणी आत गेलेलं बघणारा मी एकटा. आता बोलतो, आता बोलतो म्हणत राहिलो. दिवसभर मी मॅनेजर म्हणून मिरवलो होतो, चाळीस पोरांदेखत हात वर करून नारळ आपटला होता, आणि आता ती पोरं दारापलीकडनं कान लावून उभी होती. मला लाज वाटली. एवढंच कारण. दुसरं काही शोधून सापडत नाही.

गैबी म्हणाला, "माझीच चूक असणार. दुसऱ्या कुणाचा हात न्हाय त्याला."

आल्विननं त्याच्या पाठीवर थोपटलं आणि उठून गेला.

घरी सोडायला मी गेलो. सुगराचाचीनं दारातच आमची तोंडं ओळखली. मला म्हणाली, बाबा, तू तरी दोन घास खाऊन जा. मी खाल्ले. कसे खाल्ले देव जाणे.

सोमवारी पहाटे पाचला सायकल काढली. ठरवलं होतं, आल्विनला गाठून सगळं सांगायचं, मग त्यानं चपलेनं मारलं तरी बेहत्तर. लॉजसमोर चहाच्या गाडीशी उभा राहिलो. ते ढोल बाहेर आणत होते. आल्विनच्या हाताला बँडेज होतं. एक कप चहा प्यालो, मग आणखी एक. रस्ता ओलांडायचा, एवढंच होतं. ढोल चढले, पेट्या चढल्या, आल्विन पुढं बसला. त्यानं घड्याळ बघितलं, आजूबाजूला रस्त्यावर एकदा नजर टाकली, जणू अजून कुणी येतंय का बघावं. मग गाडी निघाली. मी सायकलवर तिच्यामागं पंचगंगेच्या पुलापर्यंत जीव तोडून गेलो. पुलावर तिनं वेग घेतला आणि मी नुसता तिथं धापा टाकत उभा राहिलो.

नऊला गाळ्यावर आलो तर गैबी आधीच बसला होता. रणगाडा उघडून ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला होता आणि तो तार उलगडत होता. एकेक वेढा, तोंडानं आकडा मोजत. चूक कुठं झाली ते त्याला शोधायचं होतं. कुवेतला जाऊन हेच काम करायचं, तर आधी कळलं पाहिजे म्हणाला, नाहीतर तिथं कुणीतरी मरायचं माझ्या हातानं. डोळे सुजले होते. ओठ काळानिळा झाला होता. प्रत्येक वेढा तो उजेडाकडं धरून बघायचा, तारेवरनं नख फिरवायचा आणि मग पुढचा काढायचा. मला म्हणाला, मर्दा, जरा टोक धर. मी टोक धरून समोर बसलो.

दोनशे झाले. तीनशे झाले. तार कुठंच जळालेली नव्हती, कुठं सोललेली नव्हती. बोटांकडं बघून तो पुटपुटला की काही दिसत नाही म्हणजे माझे डोळेच गेले असतील. चारशे बारा म्हणाला आणि मला पुढं ऐकवेना. मी सगळं सांगितलं. नारळ, पाणी, चर्र, शर्ट. आल्विन विचारत असताना तो शर्ट माझ्या हातात होता, हेही सांगितलं. सकाळचे दोन कप चहासुद्धा सांगितले.

तो आधी हसला. खरंच हसला. दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाला, "म्हंजी हात चांगला हाय माझा." त्याच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि मलाही रडू आलं. मला वाटलं, सुटलो. वाटलं, आता शिव्या देईल, चार लाथा घालेल, आणि मग आम्ही दोघं मिळून पुण्याची एसटी धरू, आल्विनला शोधू. मी तसं म्हणालोही. म्हणालो, अजून गुरुवार लांब आहे.

गैबीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग तोंड पुसलं आणि म्हणाला, अम्मीनं रात्रीच निसारला पाठवून दस्तगीरभाईला तार केली. पोरगा येतोय म्हणून. आता दिलेला शब्द फिरवायचा नाही.

शेजारी कुणीतरी माझा लेथ चालू केला. गैबीनं माझ्या हातातनं तारेचं टोक काढून घेतलं. ओढून नाही, हळूच, एकेक बोट सोडवून. पंधरा वर्षांत त्यानं मला मर्दा म्हटलं होतं, गाढवा म्हटलं होतं, रागावला तर आईबहिणीवरनं शिव्या दिल्या होत्या. त्या दिवशी त्यानं माझ्याकडं बघितलं ते गाळ्यात पहिल्यांदा पत्ता विचारत आलेल्या माणसाकडं बघावं तसं.

"व्हा म्होरं, पावणं," तो म्हणाला. "मला काम हाय."

मी उठलो. मागं तो पुन्हा मोजायला लागला होता, चारशे तेरा, चारशे चौदा, चूक सापडली असूनसुद्धा. मी माझ्या लेथवर जाऊन उभा राहिलो आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही जॉब धड उतरला नाही.